गवती चहाचं तेल मार्चनंतर निम्म्यावर का येतं?

तीन वर्षं हाच तमाशा चालला होता. जानेवारी-फेब्रुवारीत बारा किलो सुकवलेल्या पाल्यातून ४५ मिली तेल बिनबोभाट मिळायचं. होळी झाली की पस्तीस, गुढीपाडव्याला पंचवीस आणि एप्रिलच्या मध्यावर बावीस. वाफा तोच, कोयता तोच, भांडं तेच आणि गाळणारा मीही तोच. पाल्यातून गेलेली वाफ निवते आणि तिची धार बाटलीत पडते. पहिला पाऊण तास ती धार झकास चालायची, बाटलीत वर तेलाची पिवळी साय धरायची. मग धार बारीक व्हायची, टोकाशी वाफ दिसायला लागायची आणि शेडभर असा घमघमाट सुटायचा की रस्त्यावरून जाणारे डोकावून म्हणायचे, ‘काय मस्त वास सुटलाय हो!’

मला दोन वर्षं ते कौतुक वाटलं. शेडमध्ये वास म्हणजे बाटलीबाहेर गेलेलं तेल, हे तेव्हा डोक्यात शिरलं नव्हतं.

ज्यांचा वाफेवर तेल गाळायचा असाच लहान, सुट्या तुकड्यांचा जोडसंच आहे त्यांना उपयोग होईल म्हणून आधी माझा संच सांगतो. खाली पाण्याचं भांडं, ३५० मिलीमीटर व्यासाचं, त्यात ३ किलोवॅटचा हीटर. त्यावर जाळी आणि त्याच व्यासाचा साठेक सेंटिमीटर उंच पाल्याचा डबा. वर झाकण, झाकणातून दोन इंची वाफनळी. ती आधी थोडी चढते, मग उतरते आणि वाफ गार करून तिचं पाणी करणाऱ्या उभ्या कंडेन्सरला लागते. कंडेन्सर म्हणजे साठ सेंटिमीटरच्या दोन इंची नळीत अर्ध्या इंचाच्या चार नळ्या, बाहेरून पाणी. शेवटी तेल वेगळं करायची काचेची बाटली. सगळं ३०४ स्टीलचं, आर्गन वेल्डिंग केलेलं. सांधे फेरूल (नळीच्या टोकाची रुंद कड), मधलं गॅस्केट आणि बाहेरून आवळायचा क्लॅम्प यांचे. पाच तुकडे सुटे होतात, धुता येतात, उद्या डबा मोठा करायचा तर खालचं-वरचं तसंच ठेवता येतं. जोडसंचाचा हा फायदा. तोटा असा की काही बिघडलं की प्रत्येक सांध्यावर संशय घेता येतो, आणि मी तो घेतला.

पहिल्या वर्षी दोष पाल्याला दिला. उन्हाळ्यात गवत करपतं, तेल उडतं, असं मीच ठरवून टाकलं. खरं तर पावसाळ्यातला पाला पाणचट असतो, किलोमागे तेल तेव्हा कमी भरतं. उन्हाळ्यातल्या पाल्याला नावं ठेवायला काही आधार नव्हता. तरी पाणी वाढवलं, खत घातलं, कापणी पहाटे केली. तेल बावीसच.

दुसऱ्या वर्षी गॅस्केट. इथे मात्र खरोखर घाण सापडली. फॅब्रिकेटरने संचाबरोबर सिलिकॉनची गॅस्केट दिली होती. पाण्याच्या वाफेला ती उत्तम, पण सुगंधी तेलाच्या वाफेत सिलिकॉन फुगतं. चार-पाच घाण्यांनंतर गॅस्केट फेरूलच्या बाहेर जीभ काढल्यासारखं लोंबत होतं आणि त्याला कायमचा लिंबाचा वास लागला होता. काळं रबर त्याहून वाईट. टेफ्लॉनचं गॅस्केट टिकतं. फक्त ते कडक असतं आणि तापल्यावर दाबाखाली हळूहळू चेपतं, म्हणून पहिल्या दोन घाण्यांनंतर संच गार झाला की क्लॅम्प पुन्हा आवळावा लागतो. गरम असताना आवळायला जाऊ नका, हात भाजतो आणि गॅस्केटही वाकडं बसतं. ऐन वेळी सांधा फुसफुसला तर कणकेचा घट्ट लेप लावायचा. जुन्या भट्ट्यांवर माती आणि चिंध्या लावतात तसंच. वाफेने कणीक शिजते आणि घट्ट बसते.

फुसफुस शोधायला साबणाचं पाणी घेऊन बसू नका, तापलेल्या स्टीलवर ते उकळूनच जातं. स्टीलची छोटी कोरडी ताटली घ्या आणि सांध्याच्या भोवती एक-दोन सेंटिमीटरवरून फिरवा. जिथे ताटलीवर धुकं धरेल तिथे गळती. पाच मिनिटांचं काम.

गॅस्केट बदलल्यावर तेल बावीसवरून सव्वीसवर गेलं. मी पेढे वाटायच्या बेतात होतो. पण जानेवारीचे पंचेचाळीस कुठे?

तिसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये गोव्यातल्या डिचोलीकडचे नात्यातले एक काका आले होते. त्यांची तिकडे काजूची फेणी गाळायची परवान्याची भट्टी आहे. माझा चकचकीत संच त्यांनी एकदा भोवती फिरून पाहिला, क्लॅम्पना हात लावला, हसले. मग कंडेन्सरच्या पाण्यासाठी ठेवलेल्या निळ्या ड्रममध्ये हात घातला आणि झटकन बाहेर काढला. ‘उदक हून जालां तुजें.’ पाणी तापलंय तुझं. एवढंच बोलून चहा मागितला.

फेणीवाल्यांना हे कळणारच, कारण त्यांचा सगळा हंगामच मार्च ते मे. वर्षातल्या सगळ्यात गरम दिवसांत त्यांना वाफेचं पाणी करायचं असतं. पूर्वी ज्या मडक्यात वाफ निवायची त्यावर एक माणूस बसून सतत गार पाणी ओतत राहायचा. आता तांब्याचं वेटोळं सिमेंटच्या भल्या मोठ्या टाकीत बुडवलेलं असतं. ती टाकी एवढी मोठी का, असा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नाही. मी आपला दोनशे लिटरचा ड्रम, त्यात बुडवलेला कूलरचा पंप, पाणी फिरतंय ना, मग झालं, अशा समजात.

(एक खुलासा आत्ताच करतो, कारण हा संच बघून दर आठवड्याला कुणीतरी डोळा मिचकावून विचारतंच. भांडी जवळपास तीच असली तरी महाराष्ट्रात विनापरवाना दारू गाळणं १९४९च्या दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे, घरच्यापुरती गाळली तरी. शिवाय मद्यार्काची वाफ पेट घेते, बंद शेडमध्ये हीटरच्या शेजारी तो खेळ नको. माझ्या डब्यात गवतच जातं.)

काका गेल्यावर कागद-पेन्सिल घेऊन बसलो. एक किलो पाण्याची शंभर अंशांवर वाफ करायला २२५७ किलोज्यूल लागतात. ती वाफ कंडेन्सरमध्ये पुन्हा पाणी होते तेव्हा तेवढीच उष्णता थंड पाण्याला देऊन टाकते. उष्णता नाहीशी होत नाही, नुसती भांड्यातून ड्रममध्ये जाते. म्हणजे माझा ३ किलोवॅटचा हीटर खरं तर दोनशे लिटरचा ड्रम तापवत होता, मध्ये गवतातून वळसा घेऊन. हिशेब केला तर ड्रम ताशी चौदा अंशांच्या आसपास चढतो.

जानेवारीत सकाळी सातला ड्रमचं पाणी चोवीस अंश. दोन तासांचा घाणा संपेपर्यंत पन्नास. कंडेन्सर शेवटी शेवटी धापा टाकत असणार, पण तोवर बहुतेक तेल येऊन गेलेलं असतं, म्हणून बोभाटा नाही. एप्रिलमध्ये मी घाणा लावायचो अकराला, कारण सकाळी कापणी, मग पाला आणणं, न्याहारी. तोवर उन्हात उभा ड्रम छत्तीस अंशांवर. तासाभरात तो पन्नाशीला पोचतो आणि पुढचा सगळा घाणा, म्हणजे उरलेलं निम्मं तेल, अर्धवट निवलेल्या वाफेबरोबर शेडमध्ये. पहिला पाऊण तास झकास आणि मग घमघमाट, याचं कोडं तिथेच सुटलं. तीन वर्षं लक्षण डोळ्यांसमोर होतं, घड्याळासकट.

आणखी एक गोष्ट तपासली तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. कंडेन्सरला पाणी वरून आत आणि खालून बाहेर जोडलेलं होतं. प्लंबरने जोडलं, मी पाहिलं, दोघांनाही ते नैसर्गिक वाटलं. हवं उलटं: थंड पाणी खालून आत, गरम वरून बाहेर. म्हणजे बाहेर पडणारं तेल-पाणी सगळ्यात थंड पाण्याला भेटतं. शिवाय खालून भरत गेलं की आतली हवा वरून निघून जाते. वरून सोडलं तर हवेचे फुगे अडकतात आणि नळ्यांचा तेवढा भाग कोरडाच राहतो. नळी काढून उलटी लावायला दहा मिनिटं लागली.

आता ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी माझ्यासारखी तीन वर्षं घालवू नयेत. दोन मापं घ्या, बाकी काही उघडण्याआधी. धार सुरू होऊन वीस मिनिटं झाली की टोकाखाली मोजपात्र धरून बरोबर एक मिनिट धार घ्या, आणि त्याच धारेत थर्मामीटर धरा. मग सव्वा तासाने पुन्हा दोन्ही. ३ किलोवॅटला कागदावर मिनिटाला ऐंशी मिली येतात. भांडं आणि डबा गोणपाटाने किंवा काचलोकरीने गुंडाळलेला असेल तर सत्तर तरी प्रत्यक्षात मिळायला हवेत. धारेचं तापमान पस्तीस-चाळीसच्या आत हवं.

सत्तर मिली आणि चाळीसच्या आत असेल तर उपकरण निर्दोष आहे, पाल्याकडे बघा. धार भरपूर पण पंचावन्न-साठ अंश गरम असेल तर थंड पाणी हरायला लागलंय, आणि थोड्या वेळात टोकाशी वाफ दिसणारच. धार कमी आणि गरमही, म्हणजे वाफ न निवता बाहेर चाललीय. हा माझा एप्रिल. धार कमी पण चांगली थंड असेल तर कंडेन्सरला हात लावू नका. वाफ तिथवर पोचतच नाहीये: सांधा गळतोय किंवा हीटर पूर्ण ताकदीने चालत नाहीये.

हे शेवटचं आमच्याकडे फार होतं आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दुपारी सगळ्या बागांचे पंप चालू झाले की व्होल्टेज १९० वर येतं. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, त्यामुळे २३० चे १९० झाले की ३ किलोवॅटचा हीटर २ किलोवॅटवर येतो. धार सत्तरवरून पंचेचाळीसच्या आसपास. तेल जात नाही यात, फक्त तेवढ्याच तेलाला दीडपट वेळ लागतो. पण आपण घड्याळ लावून दोन तासांनी बंद करतो ना, मग डब्यात तेल राहून जातं. घाणा तासांवर न मोजता धारेच्या लिटरवर मोजायला लागल्यापासून माझी ती भानगड मिटली. बारा किलोला आठ लिटर धार झाली की थांबतो, मग दोन तास लागोत नाहीतर तीन.

उपाय मी तीन केले, खर्चाच्या चढत्या क्रमाने. नळ्या उलट्या केल्या, तो फुकट. घाणा पहाटे पाचला लावायला लागलो. त्यासाठी कापणी आदल्या सकाळी आणि पाला दिवसभर-रात्रभर सावलीत पसरून. तसाही तो थोडा मलूल झालेलाच बरा, डब्यात जास्त बसतो. तिसरा उपाय म्हणजे ड्रमच काढून टाकला. विहिरीचं पाणी उन्हाळ्यातही खोलवर थंडच असतं, ते थेट कंडेन्सरमधून नेऊन पुढे पोफळीच्या आळ्यात सोडलं. पाणी आत जाताना ते बाहेर येईपर्यंत तीस अंश तापू दिलं तर मिनिटाला दीड-पावणेदोन लिटर पुरतं, म्हणजे तासाला शंभर लिटरच्या आतबाहेर. पोफळींना ते तसंही द्यायचंच असतं. आळ्यापर्यंत पाटातून जाता जाता निवतं. ज्यांच्याकडे विहीर नाही त्यांनी ड्रमऐवजी हजार लिटरची टाकी घ्यावी, ती ताशी तीन अंशांनीही चढत नाही. मात्र गच्चीवरची काळी टाकी नको. एप्रिलच्या दुपारी तिचं पाणी चाळिशीला असतं, मग दीड लिटरच्या जागी तीन-सव्वातीन लिटर सोडलं तरच निभावतं. ड्रममध्ये बर्फ टाकायचा सल्ला मलाही मिळाला होता. करून पाहा आणि बर्फाचं बिल तेलाच्या भावाशी ताडून बघा.

बाकीच्या तक्रारी याच संचाच्या आहेत, पण कारणं निराळी.

धार ढेकर दिल्यासारखी येते: थोडी थांबते, मग भस्सकन. वाफनळीला कुठेतरी पोट पडलंय. सखल जागी पाणी साचतं, मागून वाफेचा दाब वाढतो आणि साचलेलं पाणी फेकलं जातं. नळी झाकणापासून चढून एकदा उतरायला लागली की शेवटपर्यंत उतरतच गेली पाहिजे. माझ्या नळीला खाली विटांचा टेकू नव्हता, वजनाने झुकली होती.

धार हिरवट, तेलाला करपट वास. बहुतेक वेळा भांड्यात पाणी जास्त भरलेलं असतं आणि उकळी जाळीतून वर पाल्यात जाते. जाळी आणि पाणी यांत एक वीतभर अंतर ठेवा. उलट टोक म्हणजे पाणी संपून हीटर उघडा पडणं. तेव्हाचा करपट वास वेगळा, जळक्या रबरासारखा, आणि हीटरही गेलेला. बाजूला काचेची पातळी-नळी लावून घ्या. हीटरच्या लाइनला अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) हवेतच, ओल्या जमिनीवर उभं राहून हे काम चालतं.

सगळी मापं बरोबर, तरी तेल कमी? घाणा संपल्यावर पाला नीट उपसून बघा, नुसता ओतून देऊ नका. वाफ लागलेलं गवत मळकट, शेवाळी पिवळं होतं. मध्येच हिरवेगार गठ्ठे दिसले तर वाफ त्यांना टाळून गेली. ती आपली सोपी वाट शोधते, बहुधा डब्याच्या कडेने. पाला बोटभर लांबीचा चिरून थराथराने भरायचा आणि कडेला जरा जास्त दाबायचा, मध्ये नाही. मी उलटं करत होतो, पाय देऊन मध्येच तुडवायचो. या एका चुकीचे चार-पाच मिली तरी धरा.

वाफनळी अर्ध्या इंची लावून पैसे वाचवायचा मोह होतो. ३ किलोवॅटची वाफ सेकंदाला सव्वादोन लिटर जागा घेते. दोन इंची नळीत ती सावकाश चालते, सेकंदाला सव्वा मीटर. अर्ध्या इंचीत तीच पंधरा-सोळा पट वेगाने सुटते आणि मागे दाब धरते. आणि दाबाशी खेळ नको. डब्याच्या झाकणावर वातावरणापेक्षा फक्त एक दशांश बार, म्हणजे हवेच्या दाबाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, जास्त दाब आला तरी ते जवळजवळ शंभर किलोने वर ढकललं जातं, म्हणजे एक मोठा माणूस खालून रेटतोय. म्हणून वाफेच्या वाटेत कुठेही कॉक, व्हॉल्व्ह लावायचा नाही, टोक कायम उघडं. झाकणाला वजनाची शिट्टीही लावून ठेवलीय. या संचात ती वाजायलाच नको. वाजली तर कुठेतरी पाला नळीत ओढला गेलाय असं समजून आधी हीटर बंद.

यंदा गुढीपाडव्यानंतरचे सहा घाणे वहीत आहेत: ४१, ४३, ४४, ३८, ४३, ४२. अडतीसवाला कापून लगेच लावला होता, पाहुणे येणार होते म्हणून. न सुकलेला पाला डब्यात बारा किलो मावलाच नाही. शेडमध्ये आता वास येत नाही, म्हणजे येतो, पण वाकून बाटलीपाशी नाक नेलं तर. रस्त्यावरून कुणी डोकावत नाही.

बाटलीतून वाहून जाणाऱ्या पाण्यालाही वास असतो, थोडं तेल त्यात विरघळलेलं राहतं. ते पाणी पुढच्या घाण्याला भांड्यात परत घालतो.

वाळ्याची मुळं याच संचात लावली तेव्हा मात्र सगळं उलटं निघालं. वाळ्याचं तेल जवळजवळ पाण्याइतकंच जड. ना धड तरंगत, ना धड बुडत. इतक्या कष्टाने गार केलेली धार बाटलीत दुधासारखी पांढरी झाली आणि तशीच राहिली. त्यासाठी पाणी मुद्दाम कमी सोडून धार कोमट ठेवावी लागली, तेव्हा कुठे तेल हळूहळू वेगळं व्हायला लागलं. सध्या बाटली जुन्या टॉवेलात गुंडाळून ठेवतो.